शंभर कोणातले?

विदर्भ म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे कापूस येतो, फार तर सोयाबीन. गोंदिया तालुक्यातल्या कामठ्याकडे आलं की ते चित्र निकालात निघतं. हा धानाचा मुलूख. पावसाळ्यात रोवणी होतेच, आणि जिथे पाणी आहे तिथे उन्हाळ्यातही बांधीत धान उभा दिसतो. उन्हाळी धान पाणी फार पितो, मोटारी रात्रभर चालतात, त्यामुळे “उन्हाळ्यात धान सोडून दुसरं काही लावा” असा सल्ला शेतकऱ्याला वरचेवर मिळतो. सल्ला देणाऱ्याच्या घरी बांधी असतेच असं नाही.

समजा, कोणीतरी सल्ला देण्याऐवजी विचारायचं ठरवलं. कामठा आणि आसपासच्या गावांतल्या, उन्हाळी धान घेणाऱ्या 200 शेतकऱ्यांना एकच प्रश्न : उन्हाळ्यात धानाऐवजी मका किंवा भाजीपाला घ्यायला तयार आहात का? सोबत एक साधी नोंद, पाणी स्वतःच्या बोअरचं की तलाव-कालव्याचं. अशी पाहणी झालेली नाही, खालचे आकडे मी समजावण्यासाठी रचलेले आहेत. पण त्यांची मांडणी रोजच्या वर्तमानपत्रात दिसते तशीच आहे.

| | तयार | तयार नाही | एकूण |
|---|---|---|---|
| स्वतःची बोअर | 20 | 60 | 80 |
| तलाव-कालवा | 72 | 48 | 120 |
| एकूण | 92 | 108 | 200 |

याला दुहेरी तक्ता म्हणू. आडव्या ओळीत एक गोष्ट, उभ्या रकान्यात दुसरी. मधली चार घरं म्हणजे तक्त्याचा जीव, आणि उजवीकडच्या व खालच्या बेरजा म्हणजे त्याच्या कडा.

आता 200 फॉर्मांची चळत करून, चांगली पिसून, न बघता एक फॉर्म ओढला. तो “तयार” म्हणणाऱ्याचा निघण्याची संभाव्यता किती? 200 पैकी 92, म्हणजे 0.46. बोअरवाल्याचा निघण्याची 200 पैकी 80, म्हणजे 0.40. बोअरवाला असून शिवाय “तयार नाही” म्हणणाऱ्याचा? 200 पैकी 60, म्हणजे 0.30. इथवर काही अडत नाही, कारण तिन्ही वेळा भागायला तोच आकडा आहे, 200.

“बोअरवाला किंवा तयार नसलेला” असं विचारलं की पहिली ठेच लागते. 80 आणि 108 मिळून 188 होतात. पण जो बोअरवालाही आहे आणि नाहीही म्हणतो, त्याला आपण दोनदा मोजलं. ते 60 एकदा वजा करायचे, उरतात 128. संभाव्यता 0.64. नववी-दहावीच्या गणितात हे सूत्राच्या रूपात असतं आणि सूत्राच्या रूपातच विसरलं जातं. तक्त्यावर बोट ठेवून 20, 60 आणि 48 ही तीन घरं मोजली तर सूत्र लागतच नाही.

खरी गंमत भागणारा आकडा बदलला की सुरू होते. ओढलेला फॉर्म बोअरवाल्याचा आहे एवढं कळलं, मग तो “तयार नाही” म्हणत असण्याची संभाव्यता किती? आता तलाववाले 120 विषयातून गेले. उरले 80, त्यातले 60. म्हणजे 0.75. ही सशर्त संभाव्यता : एक अट मान्य करायची, आणि त्या अटीत बसणाऱ्यांपुरतंच जग छोटं करायचं. उलटं विचारा. फॉर्म “तयार नाही” वाल्याचा आहे, तर तो बोअरवाला असण्याची संभाव्यता? आता 108 पैकी 60, साधारण 0.56.

घर तेच, 60 चं. एका प्रश्नात 75 टक्के, दुसऱ्यात 56. “चारांपैकी तीन बोअरवाले धान सोडायला तयार नाहीत” आणि “धान न सोडणाऱ्यांत निम्म्याहून थोडे जास्त बोअरवाले” ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण बातमी लिहिणारा घाईत असतो. “नकार देणाऱ्यांत 75 टक्के बोअरवाले” असं एक तिसरंच वाक्य छापून येतं, आणि ते सरळसरळ खोटं असतं. टक्केवारी ऐकली की शंभर कोणातले, हे विचारायचं. टक्केवारी सांगणाऱ्याला हा प्रश्न सहसा आवडत नाही.

या दोन टक्केवाऱ्यांत एक असा फरक आहे, जो पाहणी करणाऱ्यांच्याही नजरेतून निसटतो. समजा, फॉर्म भरणारा पोरगा रस्त्याकडेच्या, मोटारी दिसणाऱ्या शेतांवरच जास्त गेला, आणि 200 मध्ये 160 बोअरवाले आले, तलाववाले फक्त 40. लोकांची मतं तीच. बोअरवाल्यांतले 75 टक्के नाही म्हणतात, म्हणजे 120. तलाववाल्यांतले 40 टक्के, म्हणजे 16. एकूण नकार 136, त्यात बोअरवाले 120, म्हणजे 88 टक्के. कोणाचं मत तसूभर बदललं नाही, तरी उलटी टक्केवारी 56 वरून 88 वर गेली. ओळीतली टक्केवारी लोकांच्या मताबद्दल बोलते. रकान्यातली टक्केवारी लोकांबद्दल थोडं आणि फॉर्म भरणारा कुठे फिरला याबद्दल बरंच बोलते.

पाण्याचा आणि मताचा संबंध आहे का, हेही याच तक्त्यातून निघतं. संबंध नसता तर दोन्ही ओळींत “तयार” चं प्रमाण एकूण प्रमाणाइतकंच, 46 टक्के आलं असतं. 80 बोअरवाल्यांत मग 36.8 जण तयार निघाले असते (0.8 माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न संख्याशास्त्रात विचारत नाहीत). प्रत्यक्षात निघाले 20. या अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांमधली तफावत मोजायची काय-वर्ग चाचणी कार्ल पिअरसननं 1900 साली मांडली. आपल्या तक्त्यात ती साधारण 23.7 येते. चार घरांच्या तक्त्यात 3.84 च्या वर गेलं की निव्वळ योगायोग म्हणून सोडून देणं अवघड होतं. म्हणजे संबंध आहे. का आहे, ते तक्ता सांगत नाही. स्वतःचं पाणी हाताशी असणारा धान का सोडेल, किंवा तलावात यंदा पाणी राहील की नाही या धास्तीत असलेला मका का पत्करेल, हे बांधावर बसूनच कळायचं.

आता एक खरा तक्ता घेऊ, जरा अस्वस्थ करणारा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायका आणि पुरुष दोघांनाही विचारतात : नवऱ्यानं बायकोला मारणं कोणत्या कारणांसाठी योग्य ठरतं? सात कारणं वाचून दाखवतात. न सांगता घराबाहेर गेली, घराकडे-मुलांकडे दुर्लक्ष केलं, वाद घातला, स्वयंपाक नीट केला नाही, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही, अशी. 2015-16 च्या चौथ्या फेरीत देशभरातल्या 52 टक्के बायकांनी आणि 42 टक्के पुरुषांनी निदान एका कारणाला तरी होकार दिला. 2019-21 च्या पाचव्या फेरीत बायका 45 टक्के, पुरुष 44.

चौथ्या फेरीच्या तक्त्यात बाई की पुरुष हे कळल्यानं होकाराची संभाव्यता 0.52 की 0.42 हे बदलतं. तिथे लिंग आणि मत यांचा संबंध आहे, आणि तोही आपल्या अंदाजाच्या उलट दिशेनं. पाचव्या फेरीत दोन्ही ओळी जवळपास सारख्या. समोरचं माणूस बाई आहे की पुरुष हे कळूनही आपल्याला जवळजवळ काहीच नवं कळत नाही. अशा गोष्टींना संख्याशास्त्र एकमेकींपासून स्वतंत्र म्हणतं. बायकांचा आकडा 7 अंकांनी उतरला, पुरुषांचा 2 अंकांनी चढला. “होकार घटला” असं नुसतं म्हणणाऱ्यानं फक्त एक ओळ वाचलेली असते.

आणि “निदान एका कारणाला” या शब्दांकडे लक्ष असू द्या. सात कारणांच्या सात वेगळ्या टक्केवाऱ्या अहवालात असतात. त्यांची बेरीज करून हा 45 निघत नाही, कारण तीन कारणांना होकार देणारी बाई त्या बेरजेत तीनदा येते. बोअरवाल्या 60 जणांचंच हे मोठं भावंड.

आकड्यांच्या खात्रीबद्दल थोडक्यात. 200 जणांचा नमुना खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडला असेल, तर 46 टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडे 7 अंकांची सूट धरावी लागते. पण 80 बोअरवाल्यांच्या ओळीतल्या 25 टक्क्यांना सूट साडेनऊची. तक्त्यात जितकं आत शिरावं, तितकी माणसं कमी आणि धूसरपणा जास्त. वृत्तवाहिन्या निवडणुकीच्या रात्री “अमुक जातीतल्या, तमुक वयाच्या, पदवीधर बायकांची मतं” ठळक अक्षरात दाखवतात, तेव्हा त्या घरात मुळात किती जणी होत्या, ते पडद्यावर कुठेच नसतं.

चिठ्ठ्या न टाकता निवडलेल्या नमुन्यात तर सूट मोजण्याचीही सोय नाही. गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं का, असं चौकात उभं राहून 200 जणांना विचारलं, असं समजा. चौकात पुरुष भेटतात. 150 पुरुषांत 60 जण “बंद व्हावं” म्हणाले, 50 बायकांत 40 जणी. एकूण 100, म्हणजे बरोबर निम्मे. पण गोंदिया जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार 6,61,554 पुरुष आणि 6,60,953 बायका होत्या, हजारी 999. म्हणजे निम्मे-निम्मे. गावही तसंच असेल, तर 40 टक्के आणि 80 टक्के यांना सारखं वजन द्यायचं, आणि उत्तर येतं 60. ओळी पाहणीतून घ्यायच्या, कडा जनगणनेतून. पाहणीवाले याला भार देणं म्हणतात आणि प्रत्येक मोठ्या सर्वेक्षणात ते करतात. चौकात भेटलेल्या बायका घरात राहिलेल्या बायकांसारख्याच मताच्या असतात का, हे मात्र भार देऊन सुटत नाही.

दारूच्या दुकानाचा हा प्रश्न महाराष्ट्रात नुसत्या पाहणीवर सोडलेला नाही, त्यासाठी मतदान आहे. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. बायकांनी मागणी केली, पडताळणी झाली, की मतदान लागतं. इथे नियम करणाऱ्यानं शंभर कोणातले, हे आधीच ठरवून टाकलेलं आहे : मतदान केलेल्या बायकांतले नाहीत, यादीत नाव असलेल्या सगळ्या बायकांतले. त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तरच दुकान बंद. यादीत 1000 बायका आहेत, 600 आल्या, त्यातल्या 480 जणींनी बाटली आडवी केली. आलेल्यांतल्या 80 टक्के. आमदारकीच्या निवडणुकीत एवढ्या मतांवर दणदणीत विजय झाला असता. इथे 48 टक्के भरतात आणि दुकान उभंच राहतं. न आलेली प्रत्येक बाई, ती शेतात रोवणीला गेली असेल, माहेरी असेल, कोणी दाराशी उभा राहून अडवली असेल, नियमाच्या हिशेबात दुकानाच्या बाजूची.

याच्या बरोबर उलट हिशेब विदर्भानं एका वेगळ्या प्रश्नावर पाहिला. वेगळा विदर्भ हवा की नको, यावर ‘जनमंच’ या संस्थेनं विदर्भातल्या काही शहरांत मतपेट्या ठेवून जनमत घेतलं, नागपुरात जानेवारी 2014 मध्ये. मतं दिलेल्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक लोक वेगळ्या राज्याच्या बाजूचे निघाले. विरोधकांनी थट्टा केली, समर्थकांनी आकडा मिरवला. दोघांनाही तक्त्याची एकच ओळ दिसत होती. “मत द्यायला आले” ही ओळ भरलेली, “आले नाहीत” ही ओळ कोरी. शंभरातले समजा 20 आले आणि 19 जण हो म्हणाले, तर सगळ्या शंभरांत पाठिंबा किती? कमीत कमी 19, न आलेले सगळे विरोधात असतील तर. जास्तीत जास्त 99, न आलेले सगळे बाजूचे असतील तर. एवढ्या लांबीचं उत्तर मथळ्यात मावत नाही, पण प्रामाणिक उत्तर तेवढंच आहे. त्याच्यापुढे जायचं असेल तर न आलेल्यांच्या घरी जाऊन विचारावं लागतं.

कोऱ्या ओळीपेक्षाही कठीण प्रकार म्हणजे कडा पूर्ण भरलेल्या आणि आतली घरं सगळी कोरी. त्याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण याच भागातलं आहे.

गोंदिया जिल्हा 1 मे 1999 ला झाला. त्याआधी कामठा भंडारा जिल्ह्यात, आणि 1956 पर्यंत तर जुन्या मध्यप्रदेशात, ज्याची राजधानी नागपूर होती. पहिल्या लोकसभा निवडणुकीत देशात 401 मतदारसंघ आणि 489 जागा होत्या. हिशेब जुळत नाही, कारण 86 मतदारसंघांतून दोन-दोन खासदार जात, आणि एकातून तीन. भंडारा दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. मतदाराला दोन मतं, दोन वेगळ्या उमेदवारांना द्यायची.

1952 ला भंडाऱ्यातून काँग्रेसचे चतुर्भुज जसाणी आणि तुलाराम साखरे निवडून आले. जसाणी मुळजी सिक्का आणि कंपनी या बिडीच्या पेढीत भागीदार होते, आणि ही पेढी लष्कराच्या कँटीनसाठी सरकारला बिड्या पुरवत होती. सरकारशी कंत्राट असलेला माणूस उमेदवार कसा, यावरून खटला उभा राहिला. त्यात दुसराही मुद्दा होता : गंगाराम ठवरे यांनी महानुभाव पंथ घेतला म्हणून ते महार उरले नाहीत, असं धरून त्यांचा राखीव जागेचा अर्ज नाकारला होता, तो योग्य की अयोग्य? फेब्रुवारी 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, नागपूरकर न्यायमूर्ती विवियन बोस यांच्या निकालपत्रानं, दोन्ही मुद्दे जसाणींच्या विरोधात लावले. बिडी, पंथ, जात आणि राज्यघटना एका निकालात. कायद्याचे विद्यार्थी तो अजून वाचतात.

म्हणून मे 1954 मध्ये दोन्ही जागांची पोटनिवडणूक लागली, आणि राखीव जागेसाठी उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ-साडेआठ हजार मतांनी हरले.

तेव्हापासून एक वाद चालू आहे : मेहतांना मत देणाऱ्यांनी दुसरं मत बाबासाहेबांना दिलं की नाही? दोन मतांच्या पद्धतीत एक मत कोणालाच न देता वाया घालवता येत असे, त्याला मत कुजवणं म्हणत. 1952 ला मुंबईत बाबासाहेबांच्या पराभवानंतर हा शब्द फार गाजला. भंडाऱ्यात काही कार्यकर्त्यांनी “दुसरं मत कुजवू” असं सुचवलं आणि बाबासाहेबांनी ते मान्य केलं नाही, असं सांगतात. कोणी म्हणतं, सवर्णांनी मेहतांना मत दिलं आणि दुसरं बोरकरांना. कोणी म्हणतं, दलितांची दुसरी मतं मेहतांना गेली, उलट मोबदला मिळाला नाही. प्रत्येकाच्या बोलण्यात दुहेरी तक्ता दडलेला आहे. आडवं : मेहतांना मत, नाही. उभं : आंबेडकरांना मत, नाही. आणि प्रत्येकजण आतलं घर माहीत असल्यासारखा बोलतो.

ते माहीत असणं शक्य नाही. त्या काळी मतपत्रिकेवर शिक्का मारत नसत. मतदानकक्षात प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, तिच्यावर चिन्ह चिकटवलेलं. बैलजोडीची पेटी, हत्तीची पेटी. मतदार आपली एक पत्रिका एका पेटीत टाकी, दुसरी दुसरीत. मोजणी पेटीगणिक. कोणत्या पेटीत किती, एवढंच बाहेर आलं. एकाच माणसाच्या दोन पत्रिका कोणत्या जोडीनं पडल्या, ते मोजायला कोणी बसलं नव्हतं, आणि मत गुप्त ठेवायचं तर बसायलाही नको होतं. तक्त्याच्या कडा सरकारनं छापल्या, आतली घरं पेट्यांनीच मिटवली.

तरी कडांवरून काहीच कळत नाही असंही नाही. समजण्यासाठी गोल आकडे घेऊ, हे 1954 चे नव्हेत. शंभर मतदारांपैकी मेहतांना 48 आणि आंबेडकरांना 44 जणांची मतं पडली. दोघांनाही देणारे किती? जास्तीत जास्त 44, म्हणजे बाबासाहेबांच्या प्रत्येक मतदारानं मेहतांनाही दिलं. कमीत कमी शून्य, कारण 48 आणि 44 मिळून 92 होतात, शंभरांत ते वेगवेगळे सहज बसतात. शून्य ते 44. मतांची देवाणघेवाण शंभर टक्के झाली आणि एकानंही केली नाही, ही दोन्ही विधानं त्याच निकालात बसतात. कोणी हुशारीनं 0.48 ला 0.44 नं गुणून “साधारण 21” म्हणेल. पण तो गुणाकार दोन्ही मतं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरूनच करता येतो, आणि वाद तर नेमका त्याबद्दलच आहे.

आकडे मोठे असले तर कचाट्यात काही सापडतं. मेहतांना 70 आणि आंबेडकरांना 60 असते, तर बेरीज 130, मतदार 100. निदान 30 जणांनी दोघांनाही दिलंच असणार, दुसरी वाटच नाही. नियम एवढाच : दोन्ही बेरजांतून एकूण वजा करा, तो तळ (वजाबाकी शून्याखाली गेली तर तळ शून्य). दोन्हींतली लहान बेरीज, तो माथा.

म्हणूनच एकूण निकालाऐवजी केंद्रवार आकडे हाती आले की पकड घट्ट होते. एका गावात 100 पैकी 90 मेहतांना, 80 आंबेडकरांना : तिथे दोघांना देणारे 70 ते 80, एवढ्या अरुंद पट्टीत. दुसऱ्या गावात 90 आणि 5 : तिथे जास्तीत जास्त 5. दोन्ही गावं एकत्र केली की 200 मध्ये 180 आणि 85, आणि एकत्र बेरजेवरून उत्तर येतं 65 ते 85. गावं वेगळी ठेवून जोडली तर 70 ते 85. पहिल्या गावाच्या कडांनी तळ पाच अंकांनी उचलला. पंचवीस-पन्नास गावं अशी मांडली, तर वादाचा बराचसा भाग वादच राहत नाही. 1954 च्या पराभवावर ठामपणे बोलणाऱ्यानं आधी केंद्रवार आकडे पुढे ठेवावेत, असं माझं मत आहे. जातीच्या मनोवृत्तीवरचं भाष्य त्यानंतर.

दोन मतांचे मतदारसंघ 1961 च्या कायद्यानं संपले. केंद्रवार आकडे मात्र आता कोणालाही मिळतात, निवडणूक आयोगाच्या नमुना 20 मध्ये. आणि इथे तीच पट्टी उलटी लागते. केंद्रावर 600 मतं पडली आणि सहाशेच्या सहाशे एका पक्षाला गेली, तर तळ आणि माथा एकच होतो. त्या गावातल्या कोणाचंही मत गुप्त उरत नाही. 580 गेली, तर उरलेली 20 कोणत्या वस्तीची, याचा अंदाज पाणीपुरवठ्याची पाइपलाइन कुठून न्यायची हे ठरवणारा माणूस बांधतोच. म्हणून केंद्रवार मोजण्याऐवजी अनेक यंत्रांची मतं एकत्र मिसळून बेरीज दाखवणारं टोटलायझर वापरावं, अशी शिफारस विधी आयोगानं 2015 च्या 255 व्या अहवालात केली. म्हणजे आतली घरं कळू नयेत म्हणून कडाच पुसट करायच्या. अभ्यासकाचं त्यात नुकसान आहे, बोअर नसलेल्या, तलावाच्या शेवटच्या टोकाला बांधी असलेल्या मतदाराचा फायदा. ती शिफारस अजून अमलात आलेली नाही. केंद्रवार यादी आजही छापली जाते, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती सर्वांत बारकाईनं वाचली जाते ती गावातल्याच कुठल्यातरी ओसरीवर.